अध्यक्ष बोलले, गॅलरी हसली

1 डिसेंबर 2013 चा रविवार. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल शहरात सकाळीच वर्तमानपत्रातलं एक वाक्य घरोघरी पोचलं. हल सिटी या तिथल्या फुटबॉल क्लबाचं नाव बदलायचा घाट मालकांनी घातला होता आणि विरोध करणारे चाहते काही महिन्यांपासून 'मरेपर्यंत सिटीच' असे फलक घेऊन मैदानावर येत होते. क्लबाचे मालक आणि अध्यक्ष असेम अलाम यांना त्याबद्दल विचारलं गेलं. ते म्हणाले, त्यांना हवं तितक्या लवकर त्यांनी मरावं, फक्त ज्यांना चांगला फुटबॉल पाहायचा आहे त्या बहुसंख्य लोकांसाठी क्लब सोडून द्यावा.

त्याच दुपारी हलच्या मैदानावर लिव्हरपूलशी सामना होता. चाहते चिडले होतेच, पण शिव्याशापांऐवजी गॅलरीतून एक नवी घोषणा उठली: आम्ही हल सिटीवाले, आणि मरायचं कधी ते आमचं आम्ही पाहू, अशा अर्थाची. सकाळी छापलेलं वाक्य दुपारी हजारो लोकांनी उलटं करून अध्यक्षांच्या हातात परत दिलं होतं. सामना हलने 3-1 असा जिंकला. लिव्हरपूलविरुद्धचा त्यांचा तो इतिहासातला पहिला विजय. संघासाठी जीव टाकून ओरडणारे आणि त्याच श्वासात संघाच्या मालकाची खिल्ली उडवणारे लोक एकच होते.

या टिंगलीकडे हुल्लडबाजी म्हणून पाहण्याची सवय फार जुनी आहे. अलाम यांनीही विरोधकांना हुल्लडबाज, मूठभर अतिरेकी अशी विशेषणं लावली. मला ही दृष्टी मुळातच चुकीची वाटते. बहुतेक इंग्लिश क्लबांच्या कारभारात चाहत्याला मत नाही, भागभांडवल नाही, संचालक मंडळात जागा नाही. अध्यक्षाच्या शब्दांची चारचौघांत टर उडवणं हाच त्याचा मतदानाचा हक्क आहे आणि तो गांभीर्याने वापरला जातो.

यासाठी क्लबाची मालकी कशी चालते ते पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकात चर्चच्या मंडळांनी, गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांनी, शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी इंग्लंडमधले बहुतेक क्लब सुरू केले. खेळाडूंना पगार द्यायची, मैदानं बांधायची वेळ आली तेव्हा ते मर्यादित कंपन्या झाले. गावातला खाटीक, दारू गाळणारा, बांधकामाचा ठेकेदार असे लोक संचालक झाले. पुढे टेलिव्हिजनचा पैसा आला, 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि मालकी गावाबाहेर, मग देशाबाहेर गेली. कायद्याच्या दृष्टीने क्लब ही खाजगी मालमत्ता झाली. चाहत्याच्या मनात मात्र ती कधीच तशी नव्हती. आजोबांनी नातवाला पहिल्या सामन्याला नेलेलं असतं, घराण्यात तीन पिढ्या एकाच स्टँडमध्ये बसलेल्या असतात.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली मांडलेला एक विचार इथे नेमका लागू पडतो. एखादी संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जायचं, नाहीतर आवाज उठवायचा. निष्ठा जितकी घट्ट, तितकी सोडून जायची वाट अवघड, आणि म्हणून आवाजाला महत्त्व जास्त. दुकानदार उद्धट बोलला तर आपण पुढच्या दुकानात जातो. पण हल सिटीचा चाहता अध्यक्षावर रागावून लीड्सचा चाहता होऊ शकत नाही. तो विचारच त्याच्या मनात येत नाही. अध्यक्षांनाही हे ठाऊक असतं आणि त्यांची जीभ सैल सुटते ती बऱ्याचदा या खात्रीवरच.

असेम अलाम यांची गोष्ट एकरंगी नाही, आणि ती तशी सांगणं त्यांच्यावर अन्याय होईल. ते मूळचे इजिप्तचे. 1968 मध्ये हलला आले, तिथेच शिकले, तिथेच राहिले आणि जनरेटर बनवणारा मोठा उद्योग त्यांनी उभा केला. 2010 च्या डिसेंबरमध्ये क्लब कर्जात बुडून दिवाळखोरीच्या दारात उभा होता, तेव्हा त्यांनी तो नाममात्र 1 पौंडाला घेतला आणि देण्यांचा डोंगर अंगावर घेतला. शहरातल्या विद्यापीठाला, वैद्यकीय कामांना त्यांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. 2013 च्या उन्हाळ्यात संघ प्रीमियर लीगमध्ये परतला तेव्हा हलमध्ये त्यांच्याइतका लाडका माणूस दुसरा नसेल.

बिनसलं ते मैदानावरून. स्टेडियम नगरपालिकेच्या मालकीचं. ते विकत घेऊन परिसराचा विकास करायची अलाम यांची इच्छा होती. नगरपालिकेने नकार दिला. त्यानंतर, ऑगस्ट 2013 मध्ये, क्लबाच्या कंपनीचं नाव 'हल सिटी टायगर्स' केल्याचं जाहीर झालं आणि पुढचा बेत होता 'सिटी' हा शब्दच काढून टाकायचा: हल टायगर्स. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या जर्सीमुळे क्लबाला टायगर्स हे टोपणनाव फार पूर्वीपासून होतं, त्याला कुणाचाच आक्षेप नव्हता. पण 1904 पासून चालत आलेलं नाव पुसायचं, आणि कारण काय, तर परदेशी बाजारात छोटं नाव चांगलं खपतं.

अलाम यांच्या मुलाखती एकापाठोपाठ एक येत गेल्या. 'सिटी' हा शब्द सामान्य आहे, कितीतरी क्लबांना तो आहे. थोड्या वर्षांत इतर क्लबही माझ्यामागे येतील आणि मी नेता होतो हे सिद्ध होईल. मँचेस्टर सिटी माझ्याकडे असता तर मी त्याचं नाव मँचेस्टर हंटर ठेवलं असतं, नावात ताकद हवी. हे सगळं ते मनापासून बोलत होते. त्यांच्या व्यवसायात हा तर्क बरोबर ठरला असता. जनरेटरचं नाव बदलल्याने कुणाच्या घरी कुणी रडत नाही. क्लबाचं नाव मात्र वडिलांच्या शवपेटीवर पांघरलेल्या मफलरवर असतं. हा फरक त्यांना अखेरपर्यंत दिसला नाही आणि तो न दिसणं त्यांच्या प्रत्येक वाक्यातून लोकांपर्यंत पोचत राहिलं.

इथेच गॅलरीचं कसब सुरू होतं. इंग्लिश मैदानावरची घोषणा कशी जन्मते? चाल आधीच सगळ्यांना पाठ असते. वेल्समधल्या चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या 'क्वूम रॉन्डा' या स्तोत्राची, 'ग्वांतानामेरा' या क्युबन गाण्याची, एखाद्या जुन्या पॉप गाण्याची. या चालींवर गेल्या साठेक वर्षांत अक्षरशः हजारो ओळी बसवल्या गेल्या आहेत. नवी ओळ बेताची असावी लागते: पाच-सहा शब्द, ठसठशीत ठेका, एकदा ऐकली की दुसऱ्या वेळी म्हणता येईल अशी. गोलामागच्या स्टँडमध्ये चार-पाच जण सुरुवात करतात. आजूबाजूच्यांना ती पटली तर अर्ध्या मिनिटात हजारो लोक म्हणू लागतात, आणि नाही पटली तर तिथेच विरते. या छाननीत कुणी प्रमुख नसतो, कुणाची परवानगी लागत नाही. डेझमंड मॉरिस या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने 1981 मध्ये फुटबॉलच्या जमातीवर पुस्तक लिहिलं, त्यात या घोषणांचा बारकाईने विचार केला आहे. गर्दीचं हे सामूहिक संपादन इतकं कडक असतं, की टिकलेल्या ओळीत फालतू शब्द सापडत नाही.

आणि अध्यक्षाचं बेजबाबदार वाक्य म्हणजे या कारखान्याला मिळालेला तयार कच्चा माल. स्वतः रचलेल्या शिवीला कायद्याची, सभ्यतेची, पुराव्याची अडचण येते. पण समोरच्याचेच शब्द परत म्हटले तर तो काय उत्तर देणार? अध्यक्ष शब्द मागे घेऊ शकत नाहीत, कारण ते छापून आलेत. ते रागावू शकत नाहीत, कारण शब्द त्यांचेच आहेत. अलाम यांच्या वाक्यात मरण होतं. चाहत्यांनी ते मरण स्वतःकडे घेतलं, त्यावर आपला हक्क सांगितला आणि वाक्यातला सगळा तुच्छभाव तिथेच संपला.

प्रत्येक टिंगल मात्र शत्रुत्वाची नसते. 28 फेब्रुवारी 2005 रोजी नॉर्विच सिटीचा सामना मँचेस्टर सिटीशी होता. नॉर्विचने 2-0 अशी घेतलेली आघाडी मध्यंतरापर्यंत गेली होती, गोल 2-2, डोक्यावर प्रीमियर लीगमधून घसरण्याचं संकट. पाककृतींच्या पुस्तकांमुळे ब्रिटनमध्ये घराघरात माहीत असलेल्या डेलिया स्मिथ या तेव्हा क्लबाच्या मालकीणबाई होत्या. मध्यंतरात त्या माइक घेऊन मैदानात उतरल्या आणि प्रेक्षकांना हाका मारू लागल्या: कुठे आहात तुम्ही, येऊ द्या की आवाज! सामना नॉर्विचने 3-2 असा गमावला, संघ त्या मोसमात खाली घसरलाही. देशभर त्या हाकेची नक्कल झाली, नॉर्विचच्या लोकांनीही केली. पण नॉर्विचमध्ये त्या नकलेत माया होती. कारण डेलिया स्वतः त्यांच्यासारख्याच हरण्याने कासावीस झाल्या होत्या, चाहत्यांकडे काही मागत होत्या, त्यांना हाकलत नव्हत्या. गर्दी शब्दांची चूक सहज माफ करते. बोलणारा आपल्यातला आहे की आपल्यावर बसलेला, एवढंच ती पाहते.

याच्या उलट टोक न्यूकॅसलचं. 1998 च्या मार्चमध्ये फ्रेडी शेपर्ड आणि डग्लस हॉल हे क्लबाचे दोन बडे संचालक वेषांतर केलेल्या पत्रकाराच्या जाळ्यात सापडले. न्यूकॅसलच्या बायकांबद्दल ते अत्यंत हीन बोलले आणि 50 पौंडांना विकली जाणारी जर्सी बनवायला 5 पौंड लागतात, हे त्यांनी हसत सांगितलं. बायकांबद्दलच्या शब्दांनी शहर संतापलं. पण जर्सीचा हिशोब वेगळ्या ठिकाणी लागला, कारण ती जर्सी पोरासाठी पैसे साठवून घेणारी माणसं त्या शहरात हजारोंनी होती. दोघांनी राजीनामे दिले आणि वर्ष उलटायच्या आत ते परत मंडळावर आले. भागभांडवल त्यांच्याकडे होतं. चाहत्यांकडे फक्त आठवण होती.

मराठी वाचकाला या विषयाशी जोडणारा एक धागा थेट पुण्यातून निघतो. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या व्ही. एच. समूहाने, म्हणजे कोंबडीपालनातल्या वेंकीज कंपनीमागच्या कुटुंबाने, ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला. भारतीय कंपनीने प्रीमियर लीगमधला क्लब घ्यायची ती पहिलीच वेळ, आणि इथे कौतुकही झालं. ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशायरमधलं जुन्या कापडगिरण्यांचं छोटं शहर. क्लब 1875 चा, 1888 मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या संस्थापकांपैकी एक. स्थानिक पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांनी ओतलेल्या पैशावर 1995 मध्ये तो चक्क इंग्लंडचा विजेता झाला होता.

नव्या मालकांनी महिनाभरात अनुभवी व्यवस्थापक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा गुणतक्त्याच्या मध्यावर सुरक्षित होता. पहिल्या चार-पाचांत यायचं आहे, अशा अर्थाचं विधान समूहाच्या अध्यक्ष अनुराधा देसाई यांनी केलं. रोनाल्डिन्योला आणण्याच्या गोष्टी झाल्या, बेकहमचं नाव निघालं. रोनाल्डिन्यो ब्राझीलमधल्या फ्लामेंगोकडे गेला. मग खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये कोंबडी खाताना दाखवणारी वेंकीजची जाहिरात आली. दर आठवड्याला घसरण पाहणाऱ्या चाहत्यांना आपला संघ जाहिरातीचा फलक झाल्यासारखा वाटला असेल तर त्यात नवल नाही.

7 मे 2012 च्या संध्याकाळी, धो धो पावसात, विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी एक जिवंत कोंबडी क्लबाच्या झेंड्यात गुंडाळून मैदानात सोडली. खेळ थांबला, कोंबडीला पकडण्याची धावपळ झाली आणि ते दृश्य जगभर दिसलं. ब्लॅकबर्न 1-0 असा हरला आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. 2017 मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबाची अशी घसरण त्यापूर्वी झाली नव्हती. मालकांनी या सगळ्या वर्षांत तोटा आपल्या खिशातून भरला, हेही सांगायला हवं, कारण त्यांनी हात काढून घेतला असता तर क्लब उभा राहिला नसता. पण पैसा देणं आणि लोकांशी बोलणं या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. पुण्यातून ब्लॅकबर्नकडे पैसा गेला, स्पष्टीकरण क्वचितच गेलं. अशा शांततेची टर उडवायला शब्द मिळत नाहीत, म्हणून मैदानात कोंबडी आली.

या ठिकाणी चाहत्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. मालक परदेशी वंशाचा असला की टिंगलीत त्याच्या निर्णयांची जागा त्याचा रंग, उच्चार, देश कधी घेतो ते गर्दीला कळतही नाही. अलाम तर पंचेचाळीस वर्षं हलमध्ये राहिलेले, त्यांना उपरा म्हणणाऱ्याचं वय कदाचित त्यांच्या तिथल्या वास्तव्यापेक्षा कमी असेल. माणूस जे बोलला त्याची थट्टा आणि माणूस जो आहे त्याची थट्टा यांतली रेघ ठळक आहे. ती ओलांडली की चाहत्याचा नैतिक हक्क जातो आणि अध्यक्षाला सहानुभूती मिळते. हलच्या मोहिमेची मला वाटणारी मोठी गोष्ट ही, की ती अलाम यांच्या शब्दांवरच ठाम उभी राहिली.

नुसत्या घोषणांनी मात्र नाव वाचलं नसतं. चाहत्यांनी नियमांची पुस्तकं उघडली. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांनुसार क्लबाला खेळण्याचं नाव बदलायचं असेल तर असोसिएशनच्या परिषदेची परवानगी लागते. मोहिमेने परिषदेपुढे आपली बाजू लेखी मांडली. क्लबाने सीझन तिकीटधारकांचा कौल घेतला, पण त्यात बाजूने मत देण्याचा पर्याय 'अलाम कुटुंब क्लब चालवत राहील' या शब्दांशी जोडलेला होता. सुमारे 15,000 तिकीटधारकांपैकी 5,874 जणांनी मत दिलं: बाजूने 2,565, विरोधात 2,517, आणि 792 जणांना फारसा फरक पडत नव्हता. मालक निघून जातील ही टांगती तलवार डोक्यावर असताना फरक फक्त 48 मतांचा.

9 एप्रिल 2014 रोजी परिषदेने 47 विरुद्ध 27 मतांनी नाव बदलायला नकार दिला. पुढच्याच महिन्यात हल सिटी इतिहासात पहिल्यांदा एफए कपच्या अंतिम सामन्यात वेंब्लीवर उतरला. पहिल्या आठ मिनिटांत दोन गोल करून आर्सेनलला त्यांनी हादरवलं आणि जादा वेळेत 3-2 असे हरले. शहराने तो दिवस जुन्या नावाने साजरा केला.

अलाम यांनी लवाद गाठला. 2015 मध्ये लवादाने निर्णयाच्या प्रक्रियेत दोष काढून परिषदेला पुन्हा विचार करायला लावलं. परिषदेने पुन्हा मतदान घेतलं आणि या वेळी नकार आणखी मोठ्या बहुमताने आला. सूड म्हणा की हट्ट, त्याआधीच 2014 च्या चिन्हावरून क्लबाचं नाव गाळलं गेलं होतं आणि तिथे राहिला होता वाघ आणि 1904 हा आकडा. 2016 मध्ये मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या सवलतीच्या तिकिटांची पद्धत काढून टाकण्यात आली. नावाच्या वादात जे शांत बसले होते, तेही या निर्णयाने दुखावले, कारण नातवाला घेऊन येणाऱ्या आजोबांवरच तो घाव होता. स्टँड रिकामे दिसू लागले. 2019 च्या नव्या चिन्हावर, चाहत्यांशी चर्चा करून, 'हल सिटी' ही अक्षरं परत आली. जानेवारी 2022 मध्ये अलाम कुटुंबाने क्लब तुर्कस्तानचे टेलिव्हिजन उद्योजक अजुन इलिजाली यांना विकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये असेम अलाम वारले. हलमधल्या लोकांनी त्यांच्याबद्दल लिहिताना क्लब वाचवणारा माणूस आणि नाव पुसू पाहणारा माणूस, दोघांचीही आठवण ठेवली.

कार्डिफ सिटीत याच सुमारास मलेशियन मालक विन्सेंट टॅन यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची निळी जर्सी लाल केली होती. चाहते निळे मफलर घालून येत राहिले आणि जानेवारी 2015 मध्ये निळा रंग परत आला. हल आणि कार्डिफचे हे दोन लढे पुढच्या वादात वारंवार उदाहरण म्हणून आले. एप्रिल 2021 मध्ये सहा मोठ्या इंग्लिश क्लबांचा युरोपियन सुपर लीग या वेगळ्या स्पर्धेत जायचा बेत चाहत्यांच्या उठावाने दोन दिवसांत कोसळला, आणि त्यानंतर सरकारने तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांच्याकडे सोपवलेल्या अभ्यासाने क्लबाच्या वारशाला संरक्षण देण्याची शिफारस केली. 21 जुलै 2025 रोजी ब्रिटनचा फुटबॉल प्रशासन कायदा मंजूर झाला. त्यानुसार स्वतंत्र नियामक नेमला गेला आहे. चिन्ह किंवा घरच्या मैदानावरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागतो, आणि नावासाठी फुटबॉल असोसिएशनची संमती घेणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे. महत्त्वाच्या बाबींवर क्लबाने चाहत्यांशी नियमित सल्लामसलत करायची आहे. मालकी अजूनही मालकाचीच राहते आणि व्यवस्थापक नेमणं, काढणं, खेळाडू विकणं यांत चाहत्याला आजही मत नाही. त्या प्रश्नांवर अध्यक्ष बोलत राहतील, आणि दर शनिवारी गोलामागच्या स्टँडमधून त्यांना उत्तर मिळत राहील.